एक ‘य’ गळाला आणि मायची जागा गेली

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरातून आजवर कागदावर जे काही उमटलं ते अंगठ्यानेच उमटलं. मी लिहायला बसलो ते आमच्या सरांनी धरून बसवलं म्हणून. आणि लिहितोय कशावर, तर माश्यांवर. कुणी जेवता जेवता वाचत असेल तर त्यांनी हे पान जेवण झाल्यावर उघडावं. शब्द चुकतील, वाक्यं तोकडी पडतील, ते सांभाळून घ्यावं. एवढ्याचीच क्षमा. पुढे जे सांगणार आहे त्याबद्दल मागायची नाही, असं ठरवून बसलो आहे.

आमचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला. घर भोयांचं. बाप जाळं टाकतो आणि माय मासे विकते. मंगळवारच्या बाजारात पाण्याच्या टाकीला लागून मायची जागा होती. कागदावर ती कुणाचीच नव्हती. पण मायच्या आधी तिथे तिची सासू बसायची, सासूच्या आधी सासूची सासू. मासे विकणारीला सावलीपेक्षा पाणी जास्त लागतं. मासा धुवायचा, पाट धुवायचा, कोयता धुवायचा, हात धुवायचे. टाकीचा नळ हाताशी होता म्हणून ती जागा चालायची. रोजची गिऱ्हाइकं ठरलेली होती. काही उघड घ्यायची. काही कापडी पिशवीत तळाला मासा, वर मेथीची जुडी, अशी घरी न्यायची. कोण कुठली जुडी वर ठेवतो हे मायला पाठ होतं आणि त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

मी बारावीनंतर एक वर्ष लातूरला काढलं. आमच्या भागात थोडे बरे मार्क पडले की पोराला लातूरला पाठवतात आणि डॉक्टर होऊन येण्याची वाट बघतात. मी डॉक्टर होण्याइतके मार्क घेतले नाहीत. परत आलो, नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला, प्राणिशास्त्र धरलं. गावात कुणी विचारलं की माय सांगायची, “जनावराचं शिकून राहिला.” लोकांना वाटायचं ढोरांचा डॉक्टर होणार. मी ते दुरुस्त केलं नाही, हीही एक चूकच.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात गावाहून मायचा फोन आला. ती फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही. म्हणाली, “मला उठवलं.”

“कुनी?”

“पंचायतीनं. कागद आला. मासेवाल्यांनी बाजारात बसायचं न्हाई. फाट्यावर बसा म्हनं.”

“का पन?”

“माशा होतात म्हनं.”

फाटा म्हणजे गावाबाहेर, जिथे बस वळते ती जागा. तिथे नळ नाही. ओळखीचं गिऱ्हाईक तिथवर चालत येत नाही, आणि पिशवीत मेथीखाली मासा नेणारं तर भर रस्त्यावर थांबणारच नाही. मायला दुसरं काम येत नाही असं नाही. पण तिला हे काम येतं, आणि गावात तिला मान होता तो त्या जागेवर बसल्यावरच होता. इतर दिवशी ती कुणाच्या दारात उभी राहिली तर दारातच उभी राहायची. मंगळवारी मात्र लोक तिच्यासमोर उकिडवे बसून विचारायचे, “अक्का, आज मरळ हाय का?” माझ्या दृष्टीने ती जागा म्हणजे एवढं होतं.

मी शनिवारी गावी गेलो आणि पंचायतीत जाऊन ठरावाची नक्कल मागितली. ग्रामसेवक नवे होते, नुकतेच बदलून आलेले. भला माणूस. म्हणाले, “आधीच्या साहेबांनी लिहिलेला ठराव आहे. मी फक्त अंमल केला.” रजिस्टर समोर ठेवलं. एकच ओळ होती: बाजारातील माशांचा त्वरित बंदोबस्त करण्यात यावा.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली, शाळेत वाचायचो तशी.

आमच्याकडे बोलताना कुणी ‘माश्या’ म्हणत नाही. ‘माशा’ म्हणतात. घोंगावते ती माशी, त्या अनेक झाल्या की माशा. पाण्यातला तो मासा, आणि त्याचं काही सांगायचं झालं की माशाचं, माशांचं. बोलताना घोटाळा होत नाही, कारण बोलणारा हातवारे करतो. कागदाला हात नसतात. आधीच्या ग्रामसेवकांनी सभेत जसं ऐकलं तसं लिहिलं. ‘माश्यांचा’ लिहायचं तिथे ‘माशांचा’ लिहिलं. एक य गळाला. आणि व्याकरणाने पाहिलं तर ठरावाचा अर्थ सरळ होता: माश्या राहू द्या, मासे हलवा.

सभेत हा विषय मांडला होता अंगणवाडीच्या ताईंनी. मी त्यांच्याकडे गेलो. त्या खिचडीच्या पातेल्यावर झाकण दाबून बसल्या होत्या. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे, मी कशाला मासळीचं बोलू? लेकरांच्या ताटात माशा बसून राहिल्या, हगवण लागली लेकरांना, म्हणून बोलले मी. तुझ्या मायकडून तर मीच घेते.”

“मेथीच्या खाली?”

“शेपूच्या,” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मला वाटलं काम झालं. चूक सापडली, आता दुरुस्त होईल. मी सरपंचांच्या वाड्यावर गेलो. (वाडा म्हणजे स्लॅबचं घर आणि मागे गोठा, पण आम्ही वाडा म्हणतो.) सरपंच खुर्चीत बसून चहा पीत होते. मी कागद दाखवला, य समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग बशी खाली ठेवून म्हणाले, “तू शिकलेला हायस, तुझंच बरोबर. पन मला एक सांग. माशा कशावर बसतात?”

मी कागद पुन्हा पुढे केला, पण उत्तर त्यांनीच दिलं.

“माशांवरच बसतात न?”

बसलेले सगळे हसले. विनोद चांगला होता, मलाही हसू आलं असतं, पण त्यात मायची जागा जात होती. सरपंच पुढे म्हणाले, “य लावा न्हाई तर ज्ञ लावा. मासे गेले की माशा जातात. हे शाळेत शिकवत न्हाईत का?”

घरी येताना मला जाणवलं की मला या प्रश्नाचं उत्तर खरोखरच येत नव्हतं. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. माशीचे पाय किती, पंख किती, सगळं पाठ. पण आमच्या बाजारातली माशी कुठून येते, हे मला सांगता आलं नाही.

नांदेडला परत गेलो तेव्हा वर्गात प्रकल्पाचे विषय वाटणं चालू होतं. कुणी विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी तपासणार होतं, कुणी फुलपाखरं मोजणार होतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, “सर, माश्या.” मागच्या बाकावरून कुणीतरी घूं घूं असा आवाज काढला. तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत माझं नाव माशीमास्तर. मला आधी वाईट वाटायचं. मग मी त्या नावाला ओ द्यायला लागलो, तेव्हा त्यातली मजा गेली आणि नाव उरलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, “कुठली माशी?”

“बाजारातली.”

“माशी म्हणजे एक नव्हे. आधी वेगळ्या करायला शीक.”

पहिला महिना त्यातच गेला. घरमाशी करडी असते, पाठीवर चार काळ्या रेघा. दुसरी चमकते, हिरवी नाहीतर निळी, घासलेल्या तांब्यासारखी. ती मेलेल्या जनावरावर, मांसावर, मासळीच्या घाणीवर अंडी घालते. दोघींच्या अळ्या पांढऱ्या, दिसायला सारख्याच. म्हणून अळी कुठली ते सांगायचं असेल तर तिला वाढवून माशी होईपर्यंत थांबावं लागतं. मोजण्यासाठी सरांनी लाकडी पट्ट्यांची चौकट करायला सांगितली. ती जमिनीवर ठेवायची आणि अर्ध्या मिनिटात तिच्यावर किती माश्या उतरतात ते मोजायचं. दर शनिवारी मी गावी यायचो, मंगळवारचा बाजार करून परत जायचो. हॉटेलसमोर, मिठाईच्या गाड्यासमोर, भाजीच्या ओळीत, टाकीजवळच्या रिकाम्या जागेवर चौकट ठेवून उकिडवा बसायचो. भज्याचं हॉटेल चालवणारे मामा ओरडायचे, “ए, माझ्या गिऱ्हाइकाला शरम वाटून राहिली! जरा लांब मोज!”

“मामा, तुमच्याकडंच लई हायत.”

“मग बिल लाव त्यांना.”

माय तेव्हा फाट्यावर बसत होती. गाडगंभर पाणी घरून डोक्यावर न्यायची. माघारी येताना टोपलीत निम्मे मासे तसेच असायचे आणि घरी आम्ही तेच खायचो. त्या हिवाळ्यात मी जेवढे मासे खाल्ले तेवढे कधी खाल्ले नव्हते.

मासेवाल्यांना उठवून दोन महिने झाले आणि बाजारातल्या माश्या कमी झाल्या नव्हत्या. टाकीजवळच्या हिरव्या माश्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या, हे खरं. पण भज्यांवर, पेढ्यांवर आणि अंगणवाडीच्या ताटात बसणारी करडी माशी होती तेवढीच होती. ती येते कुठून ते शोधायला फार चालावं लागलं नाही. बाजाराच्या पाठीलाच सरपंचांचा म्हशींचा गोठा आणि गोठ्याचा उकिरडा. मी घमेलंभर माल उचलला. नुसत्या वाळल्या शेणात काही सापडलं नाही. शेण, मुताने भिजलेला कडबा आणि सांडलेली आंबलेली पेंड जिथे एकत्र होती, तिथे हात घातला की ओल आणि ऊब लागायची, आणि आत अळ्या वळवळायच्या. माशीला हवी ती हीच: ओल, ऊब आणि सडतं अन्न. आमच्याकडच्या उन्हात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे एका बाजाराला अंडं घातलं की पुढच्या बाजाराच्या मागेपुढे नवी माशी तयार.

त्या अळ्या बरण्यांत भरल्या आणि वर कापड बांधून मी बरण्या नांदेडला नेल्या. बसमध्ये मांडीवर ठेवून. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “लोनचं का?” मी हो म्हणालो.

उकिरड्याच्या बरणीतून करडी माशी निघाली. मला आनंद झाला. पण दुसरी बरणीही होती. फाट्यावर माय जिथे माशांची आतडी, खवले टाकायची त्या नाल्यातून भरलेली. तीतून हिरव्या माश्या निघाल्या, पुष्कळ निघाल्या. म्हणजे माय अगदीच निर्दोष नव्हती. पूर्वी ती हेच टाकीमागच्या गटारात टाकायची. ही बरणी सरांना दाखवायची की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी दाखवली. सर म्हणाले, “ही दाखवली नसतीस, तर पहिलीवरही माझा विश्वास बसला नसता.”

मायला सांगणं जास्त अवघड होतं. ती कोयता घासत होती.

“म्हंजे तू बी सरपंचाकडून?”

“न्हाई माय. पन हे बी खरं हाय.”

“खरं हाय तर मग सांग काय करू ते. नुसतं खरं घेऊन काय चाटू?”

मग त्या उन्हाळ्यात मी बरण्यांमध्ये घरमाशीच्या अळ्या वाढवून त्यांच्यावर आमच्या रानातल्या गोष्टी करून बघितल्या. लिंबोळ्या कुटून, पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी अळ्यांना खायला ठेवलेल्या भुशात मिसळलं. दुसऱ्या दिवशी अळ्या मजेत खात होत्या. तिसऱ्या दिवशीही. मी वहीत लिहिलं, उपयोग नाही. सरांनी ती ओळ खोडली आणि थांबायला सांगितलं. आठवड्याने कळलं की त्या अळ्यांना कातच नीट टाकता येत नव्हती. कोष वेडेवाकडे झाले, आणि साध्या पाण्याच्या बरणीतून जिथे माश्या भरभरून निघाल्या तिथे लिंबोळीच्या बरणीतून मोजक्याच निघाल्या, त्यातही काहींचे पंख चुरगळलेले. लिंबोळी माशीला मारत नव्हती, तिला मोठं होऊ देत नव्हती. सीताफळाच्या बियांची पूडही केली होती, ती डोळ्यात गेली तर डोळा जाईल म्हणून सरांनी बंद करायला लावली.

निर्गुडीवर माझा भरवसा नव्हता. माय टोपलीत कायम निर्गुडीचे डहाळे खोवायची. मी चौकटीखाली पाला ठेवून मोजलं, माश्या तेवढ्याच बसल्या. मायला सांगितलं, “तुझ्या निर्गुडीनं काही होत न्हाई.”

तिने माझी मांडणी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. “असा ठेवतात का पाला? नवरीसारखा? चोळावा लागतो बाबा. वास सुटल्याशिवाय माशीला कसं कळंल निर्गुडी हाय ते?”

चोळून ठेवला. पाल्याचा वास टिकला तोवर माश्या कमी बसल्या. वास गेला की पुन्हा आल्या. माय म्हणाली, “म्हनून तर सारखा चोळते मी.” हे मी प्रकल्पात लिहिलं आणि खाली मार्गदर्शन म्हणून सरांच्या नावाखाली मायचं नाव टाकलं. कॉलेजच्या कार्यालयातून विचारणा झाली की या कोण, यांची पदवी काय. मी रकान्यात लिहिलं: मासळी विक्रेती. ते खोडायला सांगितलं तेव्हा मी खोडलं नाही. सरांनी तसंच पुढे पाठवलं.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. मी दोन बरण्या आणि ठरावाची नक्कल घेऊन गेलो. झेंडा झाला, जिलेबी वाटली, सभा बसली. माझी पाळी आली तसा मी उभा राहिलो.

“बोल न माशीमास्तर,” मागून कुणी म्हणालं. हे नाव नांदेडहून गावात कसं पोचलं, देव जाणे.

मी आधी य सांगितला. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मासळीबद्दल मी बोललेच नव्हते. सरपंच म्हणाले, “ठीक हाय, शब्द चुकला. पन माशा माशांवर बसतात का न्हाई?” पुन्हा हशा.

या वेळी मी हशा संपेपर्यंत थांबलो. मग दोन्ही बरण्या हॉटेलवाल्या मामांच्या पुढ्यात ठेवल्या. “मामा, तुमच्या भज्यांवर यातली कोनती बसते?”

मामांनी चष्मा वर केला, बरण्या फिरवून बघितल्या. “ही करडी. ही हिरवी न्हाई बसत माझ्याकडं. क्वचित.”

“हिरवी मासळीच्या घाणीतून निघाली. आमच्याच. माय आता ती घाण हातभर खड्ड्यात पुरते, वर राख आणि लिंबोळीचा चुरा टाकते. करडी निघाली गोठ्याच्या उकिरड्यातून.”

“कोनाच्या गोठ्याच्या?” कुणीतरी मुद्दाम विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. मी सरपंचांकडे बघितलं आणि म्हणालो, “तुमच्या.” मग घाईघाईने, कारण मला भीती वाटली होती, हेही म्हणालो की म्हशी हलवायची गरज नाही. उकिरडा आठवड्यातून दोनदा उचलून शेतात नेऊन पातळ पसरला तरी उन्हात अळी मरते. ओल गेली की माशी गेली. सरपंचांनी विचारलं, “आणि न्हाई उचलला तर?”

मी म्हणालो, “तर मासे हलवून काय मिळालं ते सांगा. आठ महिने झाले. लेकरं बरी झाली का?”

हशा झाला नाही. ताईंनी मान हलवली. सरपंच उठत म्हणाले, “बघू. तसंबी सरावन हाय, आता कोन खातंय मासे.” आणि सभा संपली. रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

लगेचच मला लातूरला एमएस्सीला प्रवेश मिळाला. ज्या शहरातून रिकाम्या हाताने परतलो होतो तिथेच पुन्हा गेलो. खानावळीत ताटाभोवती माश्या असायच्या आणि मी सवयीने त्यांच्या पाठीवरच्या रेघा बघायचो. श्रावण संपला, पोळा झाला, गणपती उठले. मी ग्रामसेवकांना फोन लावायचो, ते उचलायचे नाहीत, किंवा उचलून म्हणायचे, वरून काही आलं नाही. वर म्हणजे कुठे, ते मला कळायचं नाही. ठराव तर गावाचाच होता. मायचा फोन बापाजवळ असायचा आणि बाप नदीवर. मी एक अर्ज तालुक्याला केला, दुसरा जिल्ह्याला. दोन्हींमध्ये य नीट लिहिला होता. सर म्हणाले, फार ताणू नकोस, अभ्यासाकडे बघ. मी अभ्यास केला आणि तिसरा अर्जही लिहिला.

तो टाकायच्या आधी एका मंगळवारी दुपारी घरी फोन लावला. फोन मायनेच उचलला. मागे कालवा चालला होता. कुणी कांद्याचा भाव ओरडत होतं, कुणी भांडत होतं, आणि पाणी पडल्याचा आवाज येत होता, पाटावर नळ सोडल्यासारखा.

“माय, कुठं हायस?”

“कुठं म्हंजे? जागेवर.”

“कागद आला?”

“मागच्याच मंगळवारी आला. ताईनं वाचून दावला. सरपंचाच्या सुनेनंच घरात भांडन घातलं म्हनं, नातवाच्या दुधात माशी पडली तवा. उकिरडा गेला शेतात.”

“आठ दिवस झाले! मला सांगितलं न्हाईस?”

“फोन तुझ्या बापाकडं असतो, आजच ठिवून गेला. अन् दोन बाजार झाले, मान वर करायला सवड न्हाई.” मग ती माझ्याशी नव्हे, समोरच्या कुणाशी बोलली, “मरळ हाय, मोठी हाय, बसा.” आणि मला म्हणाली, “ठेव आता. गिऱ्हाईक हाय.”